पहिला पंप

अकोल्याच्या एका दालमिलवाल्याकडे काळी कॉन्टेसा होती. मिल वडिलांनी काढलेली, गाडीही वडिलांनीच घेतलेली. वडील गेले आणि दोन्ही गोष्टी थोरल्याच्या गळ्यात पडल्या. या थोरल्याला एमआयडीसीत सगळे ‘भाऊ’ म्हणत. आपणही भाऊच म्हणू.

कॉन्टेसा दारात असणं म्हणजे काय, हे आज तिशीतल्या माणसाला सांगून कळायचं नाही. हिंदुस्तान मोटर्सने 1984 साली ही गाडी काढली. अंग इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं आणि इंजिन अॅम्बॅसडरच्या घराण्यातलं, त्यामुळे सुरुवातीला थाट मोठा आणि ओढ कमी असा प्रकार होता. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं, नावामागे ‘क्लासिक’ लागलं, तेव्हा कुठे गाडी अंगाला शोभेल अशी पळू लागली. 2002 मध्ये ती बंद झाली. तोवर वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांच्या, जिनवाल्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या किती तरी लग्नांत नवरदेव कॉन्टेसातून उतरले.

भाऊंच्या वडिलांना घरात आबा म्हणत. उतारवयात आबांचा खांदा धरला आणि हे जड धूड गल्लीत वळवणं त्यांना जमेना. मग त्यांनी भंगारात निघालेल्या एका गाडीचा पॉवर स्टीअरिंगचा अख्खा संच काढून आणून बसवला. पंप, तेलाची वेगळी टाकी, पाइप, सगळं त्यात आलं. तेलाच्या दाबाने चाकं वळवायची ही युक्ती अमेरिकेत 1920 च्या दशकात फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने काढली. ट्रक वळवताना ड्रायव्हरांचे होणारे हाल त्याने पाहिले होते. मोटारकंपन्यांना मात्र ते प्रकरण महाग वाटलं. बाजारातल्या मोटारीत ती सोय यायला 1951 साल उजाडलं, आणि आली ती क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. आबांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एका बोटाने चाक फिरतं म्हणून ते खूश होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फिरवून दाखवत.

आबा गेले. वर्षभरात पंप ओरडायला लागला.

आधी थंडीच्या सकाळी, मग रोज. चाक वळवलं की बॉनेटखालून घुंऽऽ असा सूर निघे, आणि रेस दिली की तो वर चढे. भाऊंनी गाडी गावातल्या एका गॅरेजात दाखवली. तिथल्या पोराने बॉनेट उघडून कान लावला आणि पंपावर बोट ठेवलं. ‘हा गेला.’ भाऊंनी दुसरा पंप मागवला. जुन्या गाड्यांचे भाग दिल्लीहून, मुंबईहून कुरियरने येतात, तसा तोही आला. बसवला, आणि गाडी शांत झाली. जुना पंप भाऊंनी टाकून दिला नाही. आबांच्या हातची वस्तू म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला.

काही महिन्यांनी नवा पंपही ओरडू लागला. भाऊंनी विकणाऱ्याला फोनवर यथेच्छ शिव्या घातल्या. माल बनावट, माणूस लबाड, दिल्लीच तशी. ‘आता तिसरा पंप आणायचा, तोही बिल घेऊन,’ असं त्यांनी ठरवलं. तोवर गाडी तशीच ओरडत फिरत राहिली.

मिलमध्येही त्या दिवसांत ओरडा होता. आबांच्या वेळचा सुपरवायझर रोज सकाळी कॅबिनच्या दारात उभा राही. “भाऊ, तूर ओली येऊन रायली. टरफल सुटत नाई, चुरी वाढली. पटांगण भरलं, अजून कुठं वायवू?” भाऊ कागदातून डोकं वर न काढता म्हणत, “तुमचं रोजचंच रडगाणं हाय.” एक दिवस त्यांनी त्याचा हिशेब केला आणि त्याला घरी पाठवलं. दुसरा आणला, तरणाबांड, डिप्लोमावाला. तोही दोन महिन्यांत त्याच दारात उभा राहून तेच बोलू लागला. त्याचाही हिशेब झाला. तिसरा शहाणा निघाला. तो ओरडलाच नाही. रोजच्या वहीत ‘ठीक’ लिहून सही करी आणि चुरीची पोती मागच्या गोदामात लावून ठेवी.

अशा माणसाला चांगलं म्हणायची रीत आपल्याकडे सगळ्याच कचेऱ्यांत आहे. ते असो.

अमरावतीत बडनेऱ्याच्या वाटेवर एक म्हातारे मिस्त्री आहेत, जुन्या गाड्यांचं तेच करू जाणे, असं भाऊंना कुणीतरी सांगितलं. एका रविवारी ते निघाले. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, लोणी, बडनेरा. हा रस्ता म्हणजे पूर्वी हाडं खिळखिळी करणारा. आता त्याचं नाव गिनीज बुकात आहे. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झालं, म्हणून. त्या गुळगुळीत रस्त्यावर भाऊंची गाडी अशी गेली, की बडनेरा येईपर्यंत पंपाने हूं की चूं केलं नाही. भाऊंना वाटलं, बरी झाली की काय! उगाच आलो!

पंपाचं खरं काम सरळ रस्त्यावर नसतंच. वेगात असताना चाक हलक्या हाताने वळतं. कस लागतो तो गाडी मुंगीच्या पावलाने चालते तेव्हा, गर्दीत आणि गाडी लावताना. मिस्त्रींच्या गल्लीत शिरताना एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला नाली, आणि मधून ही सोळा हात लांब वाटणारी गाडी काढायची. भाऊंनी चाक पूर्ण वळवलं आणि पंपाने अशी आरोळी ठोकली की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

मिस्त्री खाटेवर बसून लिंबाच्या काडीने दात कोरत होते. ते उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, “बंद नका करू. चालू राहू द्या. आता डावीकडं फिरवा. हां. आता उजवीकडं. सोडा.”

मग ते आले, पण पंपाकडे गेले नाहीत. टाकीचं झाकण उघडलं आणि नुसते बघत राहिले. तेलाचा मूळचा लालसर रंग फिका पडला होता आणि वर साबणाच्या पाण्यावर यावा तसा फेस आला होता.

“पंप कितीवा हाय?”

“दुसरा. आता तिसरा टाकायचा हाय. तुमी म्हणान तो आणतो, मिस्त्री. पैशाकडे पाहू नका.”

“मी पैशाकडं नाई पाहून रायलो, फेसाकडं पाहून रायलो,” मिस्त्री म्हणाले. “भाऊ, आवाज पंपाचा हाय. दुखनं पंपाचं नाई.”

भाऊंना हे पटलं नाही. ओरडतो पंप, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, गल्लीनेही ऐकलं होतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढून विकणाऱ्याचा नंबर दाखवला, बिल दाखवलं, अशा मालावर ग्राहक आयोगात कसं जाता येतं तेही सांगितलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. म्हातारी माणसं ऐकतात, तसं. मग हाताखालच्या पोराला हाक मारली.

“ए पोट्ट्या, सांग यायले. तेलाच्या वाटा किती?”

पोट्टा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. पाठ म्हटल्यासारखं म्हणाला, “तीन. टाकीतून पंपात एक. पंपातून स्टीअरिंगात दुसरी. स्टीअरिंगातून टाकीत वापस, तिसरी.”

“दाब कोणत्या वाटेवर?”

“दुसऱ्या.”

“किती?”

“टायरात तीस पौंड. त्यात हजार पौंडाच्या वर.”

“म्हणून सारे दुसऱ्याच पाइपाकडं पायतात,” मिस्त्री म्हणाले. “तो फुटला की तेल उडते, जमीन लाल होते, मालकाले दिसते. हा पाहा, तुमचा दाबाचा पाइप. नवा हाय, दोन्हीकडून प्रेस केलेला हाय, चांगला टाकला कोणंतरी. वापसीचाबी ठीक हाय. आन हा?” त्यांनी टाकीखालचा जाड काळा पाइप दोन बोटांत धरला. वीतभर लांबीचा. टाकीतून पंपाकडे उतरणारा. “हा कवा बदलला?”

तो कुणीच बदलला नव्हता. तो गळत नव्हता, तडकला नव्हता, कुणाला कधी दिसलाही नव्हता. आबांनी भंगारातून संच आणला तेव्हा त्याबरोबर आलेला, त्याआधी दुसऱ्या गाडीत किती वर्षं राबलेला, आणि नंतर इंजिनाची धग सोसत वऱ्हाडातले मे महिने काढलेला. भाऊ म्हणाले, “तो कायले बदलायचा? चांगला तर हाय. आबांनी टाकलेला.”

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला सांगितलं. खाली डबा लावून पट्ट्या सैल केल्या, पाइप ओढून काढला, चिंधीने पुसला आणि भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी तो वाकवून पाहिला. वरून काळा, घट्ट, एक भेग नाही. मग मिस्त्रींनी तो परत घेतला, शिकंज्यात धरला आणि हॅक्सॉ ब्लेडने उभा चिरला. दोन्ही बाजू अंगठ्यांनी उघडून समोर धरल्या.

आतली कातडी सुटलेली होती. पाइपाला रबराचे थर असतात, मधे सुताची वीण असते. त्यातला सगळ्यात आतला थर वरच्यापासून अलग होऊन मधेच लोंबत होता. एका जागी त्याला घडी पडली होती आणि तेलाला वाट उरली होती ती करंगळीच्या नखाएवढी. मिस्त्रींनी त्या थरावरून बोट फिरवलं. बोटावर काळे कण आले. पोट्ट्याने टाकीच्या तळातली जाळी काढून आणली, तिच्यातही तेच कण.

“इंजिन आस्ते चालू, तवा हा पडदा असाच लोंबत राहते. तेल जाते,” मिस्त्री म्हणाले. “रेस दिली की पंप जोरात ओढते. त्यानं ओढलं की हा पडदा मधे येते आन वाट बंद. पंप तेल मागून रायला, तेल येत नाई. मग तो काय करन? ओरडन.”

तेल न मिळालेल्या पंपात पोकळी होते. पोकळीत बुडबुडे बनतात, दाब वाढला की फुटतात, आणि फुटताना धातू खरवडतात. जोडीला रबराचे कण. मिस्त्रींनी दुसरा पंप सोडवून खाटेवर उघडला. आत पट्ट्यांसारखी छोटी पाती असतात, चकतीच्या खाचांतून आत-बाहेर सरकणारी, आणि त्यांच्याभोवती गुळगुळीत कडं. ती पाती कड्यावर घासत फिरतात, म्हणून कडं आरशासारखं हवं. या कड्यावर लाटांसारखे ओरखडे उठले होते. भाऊंनी नख फिरवलं तर ते अडखळत गेलं.

“हा गेला,” मिस्त्री म्हणाले. “याले तुमी ओरडत ठेवून पळवला.”

भाऊ काही बोलले नाहीत. पोट्ट्याने चहा आणला. चहा संपल्यावर मिस्त्रींनी विचारलं, “पह्यला कुठं हाय?”

डिकीतून वर्तमानपत्राचं गाठोडं निघालं. मिस्त्रींनी पहिला पंप उघडला. कडं शाबूत होतं. पात्यांची धार थोडी बोथट, तेवढंच. ओरडायला लागल्याबरोबर काढला, म्हणून वाचला होता. मिस्त्रींनी तो रॉकेलने धुतला, शाफ्टचं ऑइल सील आणि आतल्या रबरी रिंगा नव्या टाकल्या आणि म्हणाले, “तिसरा आणू नका. हाच बसवतो.”

पुढचं काम दुपारभर चाललं आणि ते बघण्यासारखं होतं. मिस्त्रींनी आधी काहीच बसवलं नाही. जुनं तेल सगळ्या वाटांतून काढलं. वापसीचा पाइप टाकीतून सोडून डब्यात धरला, ताजं तेल ओतत चाक फिरवत राहिले, आणि डब्यात येणारं तेल काचेच्या पेल्यात धरून उन्हात पाहिलं. त्यात कण दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. घाईचा मेकॅनिक हे करत नाही, कारण गिऱ्हाईक या कामाचे पैसे द्यायला कुरकुरतं. नवा भाग दिसतो, धुणं दिसत नाही. पण जुनी घाण वाटेत ठेवून नवा पंप टाकला तर ती घाण पहिल्या दिवशीच त्याच्या पोटात जाते.

टाकीखाली तेल सोसणारा नवा पाइप आला. पाण्याचा रबरी पाइप तिथे चालत नाही, तेलाने तो फुगतो. पंप कंसात बसवल्यावर त्याची पुली आणि इंजिनाची पुली एका रेषेत आहेत का, ते मिस्त्रींनी दोरा ताणून बघितलं. बेल्ट ताणून मधोमध अंगठा दाबला, अर्ध्या इंचाच्या आसपास दबला, मग बोल्ट आवळला. दाबाच्या पाइपाचा नट आधी नुसत्या बोटांनी फिरवला. पोट्टा पाना घेऊन धावला तेव्हा त्याच्या हातावर चापटी बसली. “बोटानं चढला तर आटा बरोबर. पान्यानं चढवशील तर तिरपा चढन, आन मग तो जनमभर गळन.” जोडाच्या तांब्याच्या वायसरी नव्या टाकल्या. पाइप एक्झॉस्टपासून लांब ठेवला आणि थोडा सैलही, कारण इंजिन चालू झालं की हलतं, आणि ताणलेला पाइप मानेतून तुटतो.

मग पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंदच. टाकी भरून पोट्ट्याने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक फेरीला टाकीत बुडबुडे येत, तेल खाली जाई, मिस्त्री भर घालत. बुडबुडे थांबले तेव्हा इंजिन चालू केलं. पोट्ट्याने हौसेने चाक टोकाला नेऊन तिथेच धरलं. मिस्त्री गरजले, “सोड! टोकाले धरून नाई ठेवायचं. तिथं तेल कोंडते आन उकयते.”

आवाज नव्हता. भाऊंनी बसून चाक फिरवलं. एका बोटाने फिरलं.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला भाऊ चहाला थांबले आणि त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मिलसाठी तूर खरेदी करायचं काम मेहुण्याकडे होतं. माणूस गोड, आवाज न करणारा. “आपल्याकडे तूर ओली कायले येते?” असं भाऊंनी सरळ विचारलं. हा प्रश्न त्यांना दोन सुपरवायझरांनी रोज विचारला होता, त्यांनी तो पुढे कधी नेला नव्हता.

मेहुणा थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “दाजी, खरं सांगू का? अडते आपल्याले चांगला माल दाखवतच नाईत. जो रोख देते त्याले वायली तूर. आपण पैसे दोन-दोन महिने देत नाई. मंग जे उरते ते आपलं.”

“मी कवा अडवले पैसे?”

“चेक तुमच्या टेबलावर असतात. सहीसाठी.”

भाऊंची समजूत होती, की मेहुणाच काही तरी खात असणार. तसं निघालं असतं तर सोपं झालं असतं. माणूस बदलला की काम संपलं. पण वाट बंद झाली होती ती त्यांच्याच टेबलावर. आबा संध्याकाळी मिल सोडायच्या आधी सगळ्या सह्या करूनच उठत. भाऊंना व्याज दिसू लागलं होतं. दोन महिने पैसा आपल्याकडे राहिला तर तेवढाच फायदा, असा त्यांचा हिशेब. त्या हिशेबात चुरीची पोती नव्हती, दुसऱ्यांदा वाळवायची मजुरी नव्हती, दोन माणसांची नोकरी नव्हती.

सोमवारी भाऊ मागच्या गोदामात गेले. पोती छतापर्यंत लागलेली होती. तिसऱ्या सुपरवायझरला त्यांनी विचारलं, “हे सांगितलं काहून नाही?” तो म्हणाला, “साहेब, आधीच्या दोघांनी सांगितलं होतं.” यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं.

त्या आठवड्यात थकलेले चेक निघाले. पहिल्या सुपरवायझरच्या घरी भाऊ स्वतः गेले, गाडी घेऊन. तो ओसरीवर बसला होता. गाडीचा आवाज न ऐकता ती ओळखून म्हणाला, “काय म्हणते आबांची कॉन्टेसा?” भाऊंनी परत यायला सांगितलं. त्याने पाणी दिलं, चहा दिला, आबांच्या आठवणी काढल्या आणि नाही म्हणाला. त्याला खामगावच्या एका मिलमध्ये काम लागलं होतं. तिथला मालक रोज सकाळी अर्धा तास मशीनपाशी उभा राहतो, असं त्याने सांगितलं. टोमणा मारला, की नुसतं सांगितलं, ते भाऊंना अजून ठरवता आलेलं नाही. तिसऱ्याला त्यांनी काढलं नाही. वहीतला ‘ठीक’चा रकाना मात्र काढून टाकला. आता तिथे तुरीचा ओलावा आणि चुरीचं वजन लिहावं लागतं.

पहिला पंप अजून गाडीत चालू आहे. टाकीखालचा पाइप गळो न गळो, दर चार वर्षांनी बदलायचा, असं मिस्त्रींनी बजावून ठेवलं आहे. त्याला लागणारा पैसा नव्या पंपाच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही.